चोरीला न गेलेल्या सायकलीचं कुलूप

माझ्या सायकलीला एक घडीचं कुलूप आहे. मिटलं की तळहातात मावतं. ते का घेतलं, असं कुणी विचारलं की मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलोय: सोसायटीतून सायकल चोरीला गेली होती, म्हणून. मुलगा हे त्याच्या मित्रांना सांगतो, सूनबाई माहेरी सांगते, आणि आता नातू शाळेत सांगतो. नातू चोराला मिशा लावतो, हातात कोयता देतो. सगळे हसतात. मी पाणी प्यायला आत जातो.

हे लिहायचं मी फार टाळलं. पण नातवाच्या तोंडून ती गोष्ट ऐकवत नाही आता. सायकल चोरीला गेलीच नव्हती. आमच्या घरात ज्या चोराला हसतात तो माझा लहानपणापासूनचा मित्र होता, आणि त्याला चोर मी केलं.

मी मूळचा भरे गावचा. घरची भातशेती आणि पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी, असं माझं आयुष्य गेलं. मित्र धनगराचा. भात निघालं की त्याच्या वडिलांची मेंढरं आमच्या वावरात बसायला यायची. रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते, म्हणून त्या बदल्यात आम्ही त्यांना धान्य द्यायचो. मोठ्यांचा हा व्यवहार चालायचा तेव्हा आम्ही दोघं कोकरं पळवायचो. मोठेपणी आमच्यातही तो व्यवहार तसाच चालू राहिला.

नोकरी लागल्यावर मी सायकल घेतली. उंच, काळी, दांडीची. ती घराच्या भिंतीला टेकलेली असायची. आमच्या आळीत सायकलीला कुलूप लावणं म्हणजे शेजारी येताना दिसला की दार लावून घेण्यासारखं होतं. ज्याला लागेल त्यानं न्यावी. विचारायचंही नाही. विचारलं तर समोरचा चिडायचा, "इचारतुया काय, मी काय परका हाय?" रिवाज एकच होता. ज्यानं नेली त्यानं परत आणताना हवा भरून आणायची. माझा मित्र सायकल नेण्यात सगळ्यांच्या पुढं आणि हवा भरण्यातही. त्यानं आणलेली सायकल दगडावरून गेली की हाडं खुळखुळायची.

"आरं, किती भरतोस? ट्यूब फुटंल."

"तुज्या वजनाला लागती तेवडीच भरतो," तो म्हणायचा.

बायको गेल्यावर मुलानं मला शहरालगतच्या नेऱ्याला त्याच्या फ्लॅटवर आणलं. आजूबाजूला अजून थोडी शेतं शिल्लक होती, पण आमच्या सोसायटीत गेट, कॅमेरे, लिफ्ट, सगळं होतं. मी हट्टानं सायकल बरोबर आणली. सकाळचं दूध आणायला न्यायचो. मुलगा आणि सूनबाई ऑफिसला गेले की घर शांत व्हायचं. नातू तेव्हा पाळणाघरात जायचा.

मित्र मधूनमधून वडापची जीप धरून भेटायला यायचा. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. सोफ्यावर कधी बसला नाही. फरशीवर घोंगडी टाकायची, त्यावर आम्ही दोघं.

"हितं कोंबड्याला आरवायचं झालं तरी आदी परवानगी काडावी लागत आसंल," तो म्हणायचा.

एकदा तो येऊन गेल्यावर लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. सभ्य माणूस. नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काका, हल्ली लिफ्टमध्ये कसला उग्र वास येतो हो? कोण येतं कुणास ठाऊक." तो मेंढराच्या लोकरीचा वास होता. मला तो लहानपणापासून इतका ओळखीचा की त्याला वास म्हणतात हेच मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "काय माहीत." पुढच्या खेपेला मित्र आला तेव्हा मी त्याला मागच्या छोट्या गेटमधून आणि जिन्यानं वर नेलं. "लिफ्ट बंद हाय," असं सांगितलं. गुडघे धरत चढला बिचारा.

ते त्याचं शेवटचं येणं. आम्ही जेवलो. मी खुर्चीत टेकलो आणि माझा डोळा लागला. जाग आली ती दाराच्या बेलनं. मित्र घरात नव्हता. त्याची घोंगडी फरशीवर तशीच होती. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो, घोंगडी दिसू नये म्हणून. दारात सेक्रेटरी उभे.

"काका, तुमची सायकल गेली. कॅमेऱ्यात दिसलंय. हा बघा."

त्यांनी मोबाइल पुढं केला. चित्र वरून काढलेलं, पाठीकडून. चेहरा दिसत नव्हता. पण पागोटं, वाकलेली पाठ, आणि डाव्या हातात हँडल धरून उजवा हात सीटवर ठेवायची पद्धत. मेंढीला नेताना माणूस तसाच पाठीवर हात ठेवतो. दुसऱ्या कुणाची चाल मी इतकी ओळखत नव्हतो.

"ओळखता का याला?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की हा माझा माणूस आहे, येईल आत्ता. पण समोर सेक्रेटरी, शेजारच्या दारात बाई उभ्या राहिलेल्या, आणि मनात तो लिफ्टमधला रुमाल.

"नाही," मी म्हणालो.

खाली गेलो तर गेटपाशी चारदोन माणसं जमली होती. पोलिसांना फोन करायचा का, यावर बोलणं चाललं होतं. मी नको म्हणालो, जुनी सायकल आहे म्हणालो. तेवढं तरी म्हणालो. तेवढ्यात घंटी वाजवत मित्रच आला. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याकडून. मला गेटात बघून त्याचा चेहरा उजळला, हात वर झाला. वॉचमननं हँडल धरलं.

"बाबा, किधर ले गया था साइकिल?"

"कुणाला विचारून नेलीस?" सेक्रेटरी म्हणाले. "ज्यांची सायकल आहे ते काका इथेच उभे आहेत. ते तुला ओळखत नाहीत म्हणतात."

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं सायकलीच्या चाकाकडे. मग तो सायकलीवरून उतरला आणि सेक्रेटरींपुढं त्यानं हात जोडले.

"चुकलं सायेब. मला वाटलं कुनाची तरी पडल्याली हाय. उगं फिरवावी वाटली म्हाताऱ्याला."

माझी लाज झाकायला त्यानं स्वतःला चोर म्हणून घेतलं. मी 'ओळखत नाही' म्हणालो होतो, तर त्यानंही मला ओळखलं नाही. जमलेली माणसं हसली. वॉचमन म्हणाला, "ये गाँव नहीं है, बाबा." सेक्रेटरी म्हणाले, "वय बघून सोडतोय. परत इथे दिसू नकोस." मित्रानं मान हलवली आणि सायकल माझ्या हातात दिली. हँडल देताना हलकेच म्हणाला, "हवा भरल्याली हाय. मागचा ब्रेक बी कडक क्येलाय." आणि घोंगडी न घेता रस्त्याला लागला. ऊन होतं. मी सायकल धरून गेटात उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत ते पाठमोरं चित्र सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलं. मुलानंही पाहिलं. "आप्पा, तुम्हाला काही केलं नाही ना त्यानं?" एवढंच त्यानं काळजीनं विचारलं. मी घोंगडी कपाटाच्या मागे सरकवून ठेवली होती.

रविवारी मुलगा मला गाडीतून पुण्यात सायकलींच्या मोठ्या दुकानात घेऊन गेला. "आप्पा, तुम्हाला जे आवडेल ते कुलूप घ्या," म्हणाला. त्याला वाटत होतं की माझी सायकल जाता जाता राहिली म्हणून मी गप्प आहे. वाटेत त्यानं मला उसाचा रस पाजला. लहानपणी मी त्याला पाजायचो तसा, बर्फ न घालता. ते प्रेम मला त्या दिवशी सोसत नव्हतं.

दुकानातल्या मुलीनं भिंतभर टांगलेली कुलपं दाखवली.

"आजोबा, सायकल कुठे लावता?"

"खाली पार्किंगात."

"शेजारी खांब आहे का? नुसतं चाकाला कुलूप लावून उपयोग नाही. तशीच उचलून टेम्पोत टाकतात. फ्रेम आणि चाक, दोन्ही खांबाला बांधायचं."

तिनं कापडी खोळ घातलेली एक जाड साखळी माझ्या हातात दिली. हात खाली गेला.

"आमच्या बैलाला पण एवढी नव्हती," मी म्हणालो. मुलगा हसला. बऱ्याच दिवसांनी मी काहीतरी बोललो म्हणून हसला असेल.

मग घोड्याच्या नालासारखं वाकवलेल्या पोलादी कांबीचं एक कुलूप. मजबूत, पण जाड खांबाला बसत नाही, आणि ठेवायचं कुठं हा प्रश्नच. मग प्लॅस्टिकमधली तार. हलकी, स्वस्त. "पण ही चांगल्या पक्कडीनं तुटते," मुलगी म्हणाली. "दुकानासमोर नजरेपुढे उभी करायची तर ठीक, रात्रभर नको." शेवटी तिनं एक घडीचं कुलूप काढलं. सुताराची घडीची पट्टी असते तशा पोलादी पट्ट्या, रिव्हेटनं एकमेकींना जोडलेल्या. उलगडलं की सायकल आणि खांब दोन्हींना वेढा पडतो, मिटलं की खिशात जातं.

"हेच," मी म्हणालो.

"आप्पा, घाई नको. ती साखळी जास्त भक्कम आहे."

"मला लहानच पाहिजे. लांबून दिसायला नको."

"उलट आहे आजोबा," मुलगी म्हणाली. "कुलूप दिसायलाच हवं. ते बघूनच चोर पुढे जातो."

मला तेच नको होतं. चोर कुणी नव्हताच. येणार असला तर एकच माणूस येणार होता, आणि गेटातून त्याची नजर पहिली सायकलीवर जाणार होती. त्याला कुलूप दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मुलाला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनगटाला जड उचलवत नाही. त्यानं तेच घेतलं. आकड्यांचं की किल्लीचं, असं मुलीनं विचारलं तेव्हा मी किल्लीचं म्हणालो. त्याला दोन किल्ल्या येतात, हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली.

पुढच्या आठवड्यात मी घोंगडी काखेत मारून भऱ्याला गेलो. कुलूप आणि दुसरी किल्ली खिशात होती. मित्र माळाला मेंढरांपाशी होता. मला बघून उठला. "या फ्लॅटवालं," म्हणाला. घोंगडी घेतली, झटकली आणि आम्हा दोघांना बसायला तीच पसरली. मी कसा आहे, नातू कसा आहे, सगळं विचारलं. गेटाचं काही नाही.

मी म्हणालो, "त्या दिवशी…"

"कुलूप घ्येतलं म्हनं? दाव की."

त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी कुलूप काढून दिलं. त्यानं ते उलगडलं, मिटलं, पुन्हा उलगडलं.

"लई देकनं हाय रं. पैलवानाचं काम करतंय आन् दिसतंय कोकरागत. बेस केलंस. शेरात पायजेलच."

मी किल्ली पुढं केली. "ही तुला. दुसरी हाय. तू आलास म्हंजी…"

किल्ली दिली की त्यात सगळं येईल, अशी माझी समजूत होती. त्यानं किल्ली घेतली, ऊन पडेल अशी धरून बघितली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात परत टाकली. वरून खिसा थोपटला.

"मला कशाला? माजं आता तिकडं येनं व्हायचं न्हाई. गुडगं लई दुकत्यात."

त्याच गुडघ्यांनी मेंढरांमागं दिवसभर डोंगर चढणारा माणूस हे म्हणत होता. मी तोंड उघडलं तर तो म्हणाला, "बस. च्या घे." आणि तीन दगडांच्या चुलीवरचं भांडं उतरवायला उठला. मला बोलू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ते माझ्यावरच्या मायेनं, की दुखावला होता म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल. मी चहा प्यालो. तो चांगला होता, शेळीच्या दुधाचा.

त्यानंतर मी पुष्कळदा गेलो. दर वेळी वाटेत शब्द जुळवायचो. दर वेळी तो चहा पुढं करायचा, चेष्टा करायचा, आणि मी त्या सोयीचा फायदा घेऊन परत यायचो. त्यानं अडवलं म्हणून राहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण शेतकऱ्याच्या पोराला एवढं कळतं की बांधावर माणूस आडवा आला तरी पिकाला पाणी द्यायचं असलं की देता येतं.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याची बायको उंबऱ्यात बसली होती. मला म्हणाली, "भावजी, तुमचं लई नाव काडायचं. म्हनायचं, माज्या मैतराची सायकल न्यायला मला कदी इचारावं लागलं न्हाई." तिला गेटाचं काहीच माहीत नव्हतं. त्यानं घरातही सांगितलं नव्हतं. मी तिलाही सांगितलं नाही. मान खाली घालून तिच्यासमोर बसून राहिलो, आणि लोक म्हणाले, किती जीव होता दोघांचा.

आता हे मुलगा वाचेल. सूनबाई वाचेल. नातवाला त्यांनी वाचून दाखवावं, आणि त्या चोराच्या मिशा पुसायला सांगावं. सेक्रेटरी अजून खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनाही मी स्वतः जाऊन सांगणार आहे. पण ज्याला सांगायचं होतं त्याला आता पोचत नाही. शब्द मात्र जुळलेत. इतकी वर्षं मी माळावर, चहाच्या वेळी, दोघंच असताना बोलायचे शब्द जुळवत होतो, म्हणून ते जमत नव्हते. ते बोलायचे होते गेटात, सगळ्यांसमोर, तो सायकलीवरून उतरायच्या आधी:

ह्यो माजा मैतर हाय. सायकल आमच्या दोघांची हाय. आत्ता मी ह्येला वळकत न्हाई म्हनलो, ते खोटं बोललो, तुमच्यापुढं लाज वाटली म्हनून. गड्या, चुकलं माजं. मला माप कर.