अन्वरभाईंची घरमालकीण

शुक्रवारी दुपारी सुधीर सिनेमासाठी हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर लावत होता, तेवढ्यात रत्नागिरीहून फोन आला. सुट्टीवर गावी गेलेले अन्वरभाई झोपेतच गेले... चादर एका बाजूने तशीच लोंबत राहिली.

सौदीतल्या हाइल शहराच्या हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ, ते एक्स-रे विभागात. मी इथे आले तेव्हा सुधीर, माझा नवरा, बँकेतली नोकरी सोडून माझ्याबरोबर आला. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, आल्यामुळे त्याला काम करायची परवानगी नव्हती. वर्षभरात हा गप्पिष्ट माणूस नुसत्या हो-नाहीवर आला. माझ्या नोकरीपायी माझा नवरा हरवतोय, या भीतीने मी धास्तावले होते.

अन्वरभाईंना बोलपट नुकते सुरू झाले त्या काळातल्या विलायती संगीत-विनोदी सिनेमांचं भारी वेड. शुक्रवारची नमाज आणि बिर्याणी आटोपली की त्यांच्या घरी आम्हा हॉस्पिटलातल्या मराठी मंडळींचा सिनेमाचा खेळ. मध्येच ते खुणावायचे, बघा, सगळे त्या कुंडीला चिकटून बोलतायत, माईक तिच्यात लपवलाय. एका सिनेमात लॉर्ड असल्याची बतावणी करणारा वेटर घरमालकिणीच्या मुलीवर भाळतो. त्यांच्याकडच्या प्रतीत शेवटच्या भागाला आवाजच नव्हता. दुसऱ्या कुणी सिनेमा बंद केला असता. अन्वरभाई म्हणाले, “सुधीरभाऊ, हिरो तुमी घ्या. घरमालकीण मी.” आणि बारीक आवाज काढून त्यांनी खास कोकणी सासूच्या थाटात झापायला सुरुवात केली. सुधीर आधी कसनुसा हसला, मग काहीतरी पुटपुटला... मग ठणकावून म्हणाला, “आई, तुमच्या मुलीला पोळ्या येत नसल्या तरी चालेल, मला येतात.” सगळे हसून लोळले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्यानंतर तो सिनेमा कितीदा लागला कोण जाणे. दर वेळी संवाद नवे. आठवडाभर सुधीर ते रचायचा, मला ऐकवायचा, स्वतःच खुदखुदायचा. माझा माणूस मला परत मिळाला तो अन्वरभाईंमुळे. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत, पण त्यांना ठाऊक असावं. सुट्टीवर निघताना प्रोजेक्टर त्यांनी सुधीरच्याच हाती दिला.

त्या फोननंतरच्या शुक्रवारी सगळे आमच्याकडे जमले. तोच सिनेमा लावला. आवाज बंद पडला, घरमालकीण दार उघडून तावातावाने ओठ हलवू लागली. सुधीर तिच्याकडे बघत राहिला...

“बोला अन्वरभाई,” तो म्हणाला, “ऐकतोय.”

तिचं बोलणं संपेपर्यंत आम्ही सगळे गप्प बसलो. मग सुधीरने तिला उत्तर दिलं.