बोट लावायचं नाही

ट्रेसरबाईंनी कोणाला चांगलं म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. शेजारची वहिनी गरम वडे घेऊन आली की पहिला घास तोंडात असतानाच विचारायच्या, "मीठ कोनाच्या घरी ठेवून आली व?" बारशाला गेल्या तर पाळण्यात वाकून म्हणायच्या, "नाक बापाचंच घेतलं यानं. आता काय करता." आणि तरी मूल गावातल्या आमच्या गल्लीतलं एकही बारसं त्यांना बोलावल्याशिवाय झालं नाही. लोकांना काय हौस असते कोण जाणे! मला विचाराल तर इतकी खडूस बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि जिच्यासाठी मी एवढी रडले अशीही दुसरी नाही.

बाई एका सरकारी कचेरीच्या नकाशा शाखेत ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पातळ कागद ठेवून तो काळ्या शाईनं गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. मग तो पातळ कागद रसायनांचा मसाला लावलेल्या जाड कागदावर ठेवून उन्हात धरायचा आणि खालचा कागद पाण्यात धुवायचा. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषांचा नकाशा तयार. कचेरीत याला फेरो म्हणत. पुढे यंत्रं आली, संगणक आले, बाई निवृत्त झाल्या आणि फेरो हा शब्दही लोक विसरले. आता त्याच गोष्टीला सायनोटाइप असं गोंडस नाव देऊन हौशी मंडळी मोबाइलवर एकमेकांना शिकवत असतात. पांढरा एप्रन, खिडकीत कुंडी, मागे बासरी. त्या हौशी मंडळींपैकी एक मी होते, हे कबूल करायला मला आजही लाज वाटते.

मी गडचांदूरच्या शाळेत चित्रकला शिकवते. माहेर मूलचं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरपोच मागवलेल्या दोन बाटल्या घेऊन माहेरी आले. एकीत हिरवट भुकटी, दुसरीत लाल खडे. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे दोन्ही पाण्यात कालवली, कागदाला लावली, वर पळसाचं पान ठेवलं आणि पंधरा मिनिटं उन्हात ठेवलं. सहा कागद केले आणि सहाही वाया गेले. आई म्हणाली, "ट्रेसरबाईले दाखव, तिनं नोकरीभर हेच केलं."

बाईंनी कागद नाकाला लावून पाहिला. "हे काय होय? चिखलात कोंबडी चालली का?"

मी पंधरा मिनिटांचं सांगितलं.

"कोन सांगते पंधरा मिनिटं? व्हिडिओतली ते? तिच्याकडं ऊन आहे का? कंदिलाएवढा उजेड येते तिच्या खिडकीत, अन् त्याले ऊन म्हणते. इथी मे महिन्यात पंधरा मिनिटं ठेवलं तं कागद जाऊ दे, तूही भाजशीन." मग कागद माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "उद्या ये. दार लावून काम करू. अन् ते बासरी बंद करून येजो."

अशी माझी शिकवणी सुरू झाली. सुट्टी संपल्यावरही दर रविवारी दोन एसट्या बदलून मी मूलला येऊ लागले. घरी नवरा म्हणायचा, शिव्या खायला एवढं भाडं? त्याचं चुकत नव्हतं. कुंचला ओला धरला की "अंगण सारवून राह्यली का?" आणि कोरडा धरला की "कागद खाजवून राह्यली का?" लावलेला कागद बाजेखाली अंधारात वाळवायचा. वर पान, पानावर काच, काचेला चार चिमटे. कागद हाताळायचा तो कडेनंच. बोटाचं तेल मधे लागलं की तिथे मसाला नीट धरत नाही, धुतल्यावर डाग उमटतो. मी एकदा पान सरळ करायला बोट टेकवलं, तर लाकडी पट्टी खाडकन हातावर बसली. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, दोन मुलांची आई. "बोट लावाचं नाई," त्या म्हणाल्या. "काय पेढा होय?"

त्याहून मोठा गुन्हा म्हणजे छान म्हणणं. कागद उन्हात असताना बाई सावलीत स्टुलावर बसून विचारायच्या, "कसा झाला आता?" मी म्हणायची, "छान."

"छान हा रंग होय का? कोन्या डबीत भेटते?"

मग मला नीट सांगावं लागे. शिजलेल्या भाजीचा हिरवा झाला, बाई. आता कडेनं चुलीतल्या राखेचा. आता सगळा राखेचा, पान उचलू का? पाण्यात घातल्यावर पुन्हा तेच. पिवळं पाणी सुटलं, निळा फिका आहे, पोरांच्या शर्टाला लागलेल्या शाईएवढा. वाळल्यावर अजून गडद होईल. बाई कान देऊन ऐकायच्या, पण मान काही डोलवायच्या नाहीत.

पाण्याचंही त्यांचं एक वेड होतं. दर वेळी प्रश्न ठरलेला, "पानी कुठलं?" मागच्या विहिरीचं असलं तरी शेवटच्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस हवाच. मी मनात म्हणायची, झालं सुरू म्हातारीचं सोवळंओवळं! लिंबू पिळताना तोंड वाकडं करायची. त्यांना ते दिसत नाही असं मला वाटायचं, आणि ते खरंच दिसत नव्हतं.

हे आता सांगूनच टाकते. बाईंचे डोळे जात होते. काचबिंदू. कडेकडून अंधार आत सरकत होता, आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. मला ते दिवाळीत कळलं. मी फराळाची ताटली पुढे केली आणि बाईंनी हात भलतीकडेच पसरला. माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं तशा त्या फणकारल्या, "डोळे रिटायर होऊन राह्यले माझे. मी सोडून सारेच रिटायर होतात या घरात. ताटली दे इकडं." मग सहा महिन्यांचे ते सगळे "कसा झाला आता?" माझ्या डोक्यात उलटे फिरले. ही बाई माझी परीक्षा घेते असं मी समजत होते. ती मला विचारत होती.

त्याच दिवशी त्यांनी पेटीतून एक गुंडाळी काढली. पिवळट तपकिरी पातळ कागद, कडांचे टवके उडालेले. एका तलावाचा नकाशा होता. बाई त्याच तलावाकाठच्या ढिवराच्या घरातल्या. त्यांचे वडील त्या तलावात मासे धरायचे. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी तो नकाशा त्यांच्या टेबलावर गिरवायला आला. "तलावाची पाळ काढली, पानी सांडते तो सांडवा काढला," त्या म्हणाल्या, "अन् जिथी माझा बाप डोंगा बांधे तिथी एक ठिपका देला. नकाशात डोंगा दाखवत नाईत. साहेबानं पाह्यलं अन् सही केली. डोळे असून आंधळा!" पुढे जुने नकाशे मोडीत निघाले तेव्हा हा त्यांनी उचलून आणला. वडील गेले, डोंगा म्हणजे त्यांची होडी कुजली, अर्ध्या तलावात आता धान लावतात. राहिला तो ठिपका.

"याचा एक फेरो पाह्यजे मले," बाई म्हणाल्या. "निळ्यावर पांढरा ठिपका. डोळे आहेत तवरक एक डाव पाह्यचा आहे. हा कागद एकदाच दाब सहन करीन, दुसऱ्यांदा भुगा होईन. म्हणून थांबली होती. तुया हाताले वळण येईन म्हणून."

मला शिकवण्यामागचं कारण ते होतं. माझ्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे हो!

डिसेंबरात दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा मसाला लावतानाच माझा हात थरथरायला लागला. शेवटी बाई वैतागल्या. "माझ्यापुढं तुया हात कापते. घरी ने, तिथी कर. रविवारी आन. उशीर नको करू, अजून थोडं दिसते मले."

मी गुंडाळी पाइपात घालून, मांडीवर धरून गडचांदूरला आणली. शनिवारी सकाळी गच्चीवर ऊन स्वच्छ होतं. मसाला एकसारखा लागला, हात अजिबात कापला नाही. राखेचा रंग आला तशी काच उचलली, आणि बाई म्हणाल्या होत्या तसेच नकाशाचे तीन तुकडे झाले. पण खालच्या कागदावर सगळं आलं होतं. पाळ, सांडवा, ठिपका. पाण्यात घातल्यावर असा निळा उठला की मी एकटीच गच्चीवर टाळ्या वाजवल्या. घरात लिंबू नव्हतं. नाही तर नाही, म्हटलं, ते म्हातारीचं वेड. पिवळं पाणी पूर्ण सुटू दे म्हणून कागद बोअरच्या पाण्याच्या टबात ठेवून मी स्वयंपाकाला लागले.

आता गडचांदूरचं पाणी कसं असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. खाली सगळा चुनखडीचा दगड. आमच्या बादल्यांना आतून पांढरा थर असतो, डाळ शिजता शिजत नाही. सोळा वर्षं त्या पाण्याला शिव्या देत आलेली मी, नेमकी त्या दिवशी विसरले. तासाभरानं पाहते तर टबात निळा नव्हताच. फिकट पिवळट कागद, त्यावर डोळे ताणले तर कुठे रेषा. असला गाढवपणा! लिंबाच्या अर्ध्या फोडीचा कंटाळा केला आणि एका बाईचा बाप पाण्यात घालवला.

रविवारी मूलला जाताना बसमध्ये मी ठरवून टाकलं. खोटं सांगायचं. त्यांना तसंही नीट दिसत नाही, निळा म्हटलं तर निळाच.

बाई दारातच बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं नेसून. हे मी विसरू शकत नाही.

"आला का?"

"आला जी."

"कसा आहे?"

"निळा आहे, बाई. एकदम छान."

बाईंची मान माझ्याकडे वळली. "छान?" मग, "पानी कुठलं घेतलं?"

"बोअरचं."

"लिंबू?"

मी पायातल्या चपला काढू लागले.

"मूर्ख," बाई म्हणाल्या. "मूर्ख ते मूर्ख, वरून खोटारडी. चुन्याच्या पान्यात निळा राह्यते का? आंधळी समजून राह्यली का मले?" आणि मग त्याच दमात, "रेषा दिसतात का? खरं सांग."

"पिवळ्या कागदात थोड्या दिसतात. ठिपकाही आहे."

"मंग लोखंड आहे अजून कागदात. निळा गेला, लोखंड नाई गेलं. त्या डब्यात हिरडे आहेत, खोकल्याचे. कूट. बाप जाळं भिजवे हिरड्यात, लोखंडाच्या कढईत. काळंकुट्ट होये. हात काळे, धोतर काळं, माय बोंबले."

मी हिरडे कुटले, उकळले, गाळले, पाणी निवू दिलं. परातीत कागद सोडला. स्टुलावरून तोच प्रश्न आला, "कसा झाला आता?" आणि मी सांगू लागले. चहाचा झाला, बाई. आता ओल्या मातीचा. आता तव्याच्या पाठीचा. आता काळा, जाळ्याचा काळा. रेषा पांढऱ्या नाहीत, जरा तांबूस आहेत. पाळ आहे. सांडवा आहे. ठिपका आहे.

मी सांगत होते आणि रडत होते. बाईंना ते आवाजावरून कळत होतं.

कागद धुऊन वाळेपर्यंत दुपार टळली. तो मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उचलून नाकाला लावला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला, उजेडाकडे धरला. "दिसत नाई," त्या म्हणाल्या. इतकं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"निळा असता तर दिसला असता, बाई. माझ्यामुळे..."

"निळाही नसता दिसला. आठ दिसांपासून काईच दिसत नाई. रडू नको, नाक गळीन कागदावर." मग जरा वेळानं, "वाळला ना?"

"वाळला."

"कुठी आहे?"

मी त्यांचं बोट धरलं आणि ठिपक्यावर टेकवलं. जिनं मला पट्टी मारली होती, ती बोट उचलेना. चहा आला आणि निवून गेला, मी निघाले तरी बोट तिथेच होतं.

त्यानंतर बाई दोन वर्षं जगल्या. मी जायची, शिव्या खायची, यायची. त्या गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं तो कागद मला आणून दिला. रोज बोट फिरवून फिरवून ठिपका पार पुसला गेला आहे. तिथे नुसता एक डाग आहे. तो कागद मी भिंतीवर लावला.

आता गडचांदूरच्या चार हौशी बाया रविवारी माझ्याकडे शिकायला येतात. घरच्या घरी निळी चित्रं! मोबाइलवर बासरी वाजवत येतात, मी आधी ती बंद करायला लावते. लिंबू विसरलं तर परत पाठवते. "बोट लावायचं नाही" हे तर इतक्यांदा ओरडते की नवरा आतून हसतो. परवा त्यांतली एक नवी बाई भिंतीवरच्या कागदापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, या कागदाले तं कोनं बोट लावलं."

"कसा रंग आहे तिथला?" मी विचारलं.

"छा..." म्हणता म्हणता ती थांबली. जवळ गेली, नीट पाहिलं. "काळा नाई, ताई. तेलकट तपकिरी. हाताचा."

"बरोबर," मी म्हणाले, आणि तिला पुढचा कागद मसाला लावायला दिला.