खाडीत टाकलेल्या गोळ्या

माझ्या आयला आम्ही खुर्चीत बसवून पूर्णगडच्या एसटी थांब्यापर्यंत नेलं, तेव्हा निम्मी वाडी रस्त्यावर उभी होती. तिचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता. मागून एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "लेकीच्या दारात मरायला नेतेत म्हातारीला."

आय म्हातारी नव्हती. आदल्या शिमग्यापर्यंत ती डोक्यावर माशांची पाटी घेऊन पावस गावापर्यंत चालत जात होती. ती अशी खुर्चीत का बसली, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वाडीतल्या माणसांनो, मी तेव्हा वळूनही पाहिलं नाही म्हणून तुम्ही मला उर्मट म्हणालात. वळले असते तर काय बोलले असते, ते आज लिहिते आहे. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांनीही वाचावं, कारण त्यांच्याही आया मागे राहिल्या आहेत.

माझं लग्न होऊन मी कुर्ल्याला आले. नवरा वायरमन, मी शिवणकाम करायची. विधवा आय पूर्णगडला तिच्या भावाकडे, दामूमामाकडे राहायची. एका मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा तिला सारखी चक्कर येत होती. तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पट्टा गुंडाळून प्रेशर बघितलं आणि गोळ्या दिल्या. "बरं वाटलं तरी रोज घ्यायची. एखाद दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंथरुणातून उठताना सावकाश उठा. आणि खारं सुकट बंद." शेवटच्या वाक्याला आय हसली. सुकट विकणाऱ्या बाईला सुकट बंद!

पण गोळ्या तिला मानवल्या. महिन्याभरात चक्कर गेली, डोकं दुखायचं थांबलं. आणि आयचा स्वभाव असा, की आपल्याला बरं वाटलं ते दुसऱ्याला दिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दामूमामाचं डोकं दुखत होतं. तिनं आपल्यातल्या गोळ्या त्याला दिल्या.

दामूमामाला लहानपणापासून दमा.

मी तेव्हा गणपतीला गावी गेले होते. एका सकाळी मामा पडवीच्या खांबाला धरून उभा होता, ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती, पण हवा काही आत जात नव्हती. बर्फ न्यायला आलेल्या टेम्पोत घालून आम्ही त्याला रत्नागिरीला नेलं. इंजेक्शनं झाली, नळी लावली, तेव्हा मामा वाचला. डॉक्टर चिडले. "एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नसते. ही गोळी दम्याच्या माणसाला जीवघेणी होऊ शकते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुमच्या आईनं ती बंद करायची नाही. एकदम तर मुळीच नाही, प्रेशर उसळेल. काही त्रास वाटला तर इकडे आणा, मी हळूहळू बदलून देईन."

हे मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. भाऊ तांडेल, ज्यांच्या होडीवर मामा काम करायचा, पडवीत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. विसर्जनानंतर मी मुंबईला परतले, आणि, हे आयनंच मला नंतर सांगितलं, भाऊंनी तिला विचारलं, "बरा वाटतंय ना तुला आता? मग कशाला खातेस ता इख? भावाला मारणार होतीस." आयनं मामाकडे बघितलं. मामा खाली बघत जाळं उकलत राहिला. भाऊंनी गोळ्यांची पुडी मागून घेतली आणि खाडीत भिरकावली. त्यांच्यासमोर कुणी काही बोललं नाही.

आठवडाही झाला नसेल, आय मासे साफ करता करता कलंडली, डावं अंग लुळं पडलं. मला तार आली.

मला अजून संताप येतो तो या गोष्टीचा, की नंतरही वाडीत सगळे गोळीलाच दोष देत होते. गोळी मामाला दिली म्हणून तो गुदमरला, आणि आयची एकदम बंद केली म्हणून ती पडली. एवढं साधं. पण भाऊंना चूक म्हणायचं कुणाला जमेना, म्हणून औषध वाईट ठरलं आणि मी मुंबईला राहून शहाणी झालेली.

कुर्ल्याच्या खोलीत आय राहिली. मुंबईच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिलं. ती भिंत धरून चालायला लागली, बोलणंही सुधारलं. गॅस, नळाची वेळ, शेजारणीचं गुजराथी, सगळ्याशी तिनं जुळवून घेतलं. तरी सुरमई घ्यायला बाजारात गेलो की तिचं एकच, "ही काय ताजी हाय?"

पुढच्या वर्षी दामूमामा तिला न्यायला आला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "तुमचं दम्याचं औषध कुणी असं खाडीत टाकलं असतं तर?" मी म्हणाले. त्यानं मान खाली घातली. "श्वास माझा गेलेला, पोरी. डॉक्टर काय बोलले ता मी ऐकलेला. भाऊंसमोर तोंड उघडलं नाय."

"आता उघडून काय उपयोग?" मी ओरडले.

आय मधे पडली. "मी जातंय त्याच्याबरोबर. माझा घर हाय ता."

मी भांडले, रडले. शेवटी तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन स्वतः पोचवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ तांडेल पडवीत हजर. आयनं पाणी मागवलं आणि त्यांच्या देखत गोळी घेतली.

"चालतेस, बोलतेस. अजून कशाला गोळ्या?" भाऊ म्हणाले.

"गोळी घेते म्हणून चालतंय," आय म्हणाली. "तुझी होडी तू बघ, भाऊ. माझा औषध मी बघीन."

भाऊ उठून गेले. मामा पहिल्यांदाच मोठ्यानं हसला, आणि मला त्याचाही रागच आला.

आय तिथेच आहे. मी कुर्ल्यात आहे, आणि इथे आता सगळं माझं आहे. तरी कुणी गाव विचारलं की तोंडातून पूर्णगडच येतं. तुमच्यावरचा राग माझ्यानं सोडवत नाही, आणि परक्या माणसांवर मी एवढी कधी रागावले नाही.