लोणच्याची बरणी

सिंगापूरमध्ये आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या आमच्या कंपनीत, माणूस कुठे बघतोय हे ओळखणारा चष्मा बनतो. त्याच्या चौकटीत डोळ्यांना न दिसणारे बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड बुबुळावरून परततो, शेजारचे सेन्सर तो टिपतात आणि नजर कुठे वळली ते सांगतात. समोर काय आहे ते कळायला पुढे एक छोटा कॅमेरा. सेन्सरच्या टीमचा मी प्रमुख. थोडक्यात, लक्ष या विषयातला मी तज्ज्ञ, आणि हे मी घरी वरचेवर ऐकवत असे.

बायकोचं मत वेगळं होतं. पुण्यात ती कॉलेजात शिकवायची. इथे माझ्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवान्यावर, सहा वर्षं घरी होती. "मी बोलते तेव्हा तुझं लक्ष नसतं," हे तिचं वाक्य आमच्या सामानाबरोबर पाया लेबारच्या फ्लॅटमध्ये आलं होतं. मला हा आरोप अन्यायाचा वाटे. आपल्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, आणि मी तर प्रत्येक वाक्याला "हं" देतो. योग्य जागी देतो. कधीकधी वाक्य संपायच्या आत देतो. आणखी काय करायचं माणसाने?

कंपनीला घरगुती चाचणीसाठी माणसं हवीच होती. मी चष्मा घरी आणला आणि जेवताना जाहीर केलं, की आठवडाभर हा घालून जेवणार. निकाल माझ्या बाजूने लागला तर ते वाक्य कायमचं बंद. विरुद्ध लागला तर तू म्हणशील ते मान्य.

"बाबा नेव्हर लुक वन," आठ वर्षांची कन्या भातातून मान वर न काढता इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, म्हणजे बाबा कधी बघतच नाही. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी मी जरा जपून होतो. मंगळवारपासून चष्मा अंगवळणी पडला आणि मी नेहमीसारखा जेवू लागलो.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडून निकाल दोघींसमोर ठेवला. आधी आपण एकट्याने बघून घ्यावा, एवढंही मला सुचलं नाही. नजर जिथे जास्त, तिथे लाल डाग. ताट लाल होतं, फोन लालभडक. बायकोच्या चेहऱ्यावर एकच फिकट ठिपका होता, तोही तिने आमटीचं भांडं पुढे केलं तेव्हाचा. मी घाईघाईने सेन्सरच्या मर्यादा समजावू लागलो.

"मंगळवारचं आठ वीसचं दाखव," ती म्हणाली.

दाखवलं. चित्राच्या कडेला ती होती, घास हातात तसाच. माझी नजर लोणच्याच्या बरणीवर.

"तेव्हा मी तुला सांगितलं, माझ्या जुन्या कॉलेजातून बोलावणं आलंय. जूनपासून. हिला घेऊन पुण्याला जाऊ का, असं विचारलं."

"मग मी काय म्हणालो?"

"हं म्हणालास. योग्य जागी." तिने लॅपटॉप हळूच मिटला. "मी बुधवारी होकार कळवला."

शब्द मीच दिलेला होता, तो फिरवायची सोय नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, बराच वेळ. चष्मा डबीत होता, त्यामुळे त्याची नोंद कुठेही नाही.