धाकट्या सुनेच्या डोक्याचे चार वार

"ओ पार्लरवाल्या बाई! आमच्या सुनेला टकली करायचा ठेका घेतला काय तुमी?"

हा आवाज जिन्याच्या खालच्या पायरीवरून आला. माझं पार्लर वरच्या मजल्यावर. तरी आरसे थरथरले, आणि त्या वेळी पार कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर कोणाच्या हातातला चहा सांडला असेल, तर त्याला जबाबदार ह्याच काकू. माझ्या दातांत थ्रेडिंगचा दोरा होता. खुर्चीतल्या मॅडमची एक भुवई झाली होती. दुसरीसाठी त्यांना बराच वेळ तसंच, अर्धवट रागावल्यासारखं बसावं लागलं.

सकाळपासून मी उभी होते. नागपंचमी जवळ आली की हिंगोलीतल्या बायकांना एकदम आपले चेहरे आठवतात. माझे पाय सुजून स्वतःसाठी वेगळी खुर्ची मागत होते. पार्लरचं काम बसल्याबसल्या होतं असं लोकांना वाटतं. बसतात ते क्लायंट.

काकू सेनगावकडच्या. घरची जीप. तिच्यातून उतरलेल्या सगळ्या वर आल्या: काकू, त्यांच्या सासूबाई म्हणजे आजी, मोठी सून आणि कॉलेजात शिकणारी लेक. मधे डोक्यावरून पदर घेतलेली धाकटी सून, पूनम. उन्हाळ्यातच लग्न झालेलं. नवरीचा मेकअप माझाच. तेव्हा अंबाडा घालताना माझ्याकडच्या पिना संपल्या आणि आणखी आणायला खाली माणूस पळवावा लागला, एवढे केस.

"पदर काढ गं. पाहू दे त्यांना."

पूनमनं पदर काढला. भांगाची साधी रेघ होती, तिचा आता हायवे झाला होता. कातडी लालभडक.

"पंचमीला हिची माय न्यायला येऊन राहिली कळमनुरीहून," काकू म्हणाल्या आणि इथं त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "पोरीचं डोकं पाहून काय म्हणंल ते? सासरचे केस उपटून राहिले म्हणंल. आमी तर लेकरावानी जपलं हिला."

डोळे भरले होते त्यांचे. भांडायला आलेली बाई रडायला लागली की माझी पंचाईत होते. भांडण मला झेपतं.

माझं काही चुकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. लग्नानंतर ह्याच सगळ्या एकदा येऊन गेल्या होत्या. तक्रार साधी: कोंडा, थोडी गळती. त्यांच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीत सोडलं तर आवाज दगडाचा यावा. मी घरच्या घरी करायचं सांगितलं. आठवड्यातून एकदा न्हायच्या आधी तासभर हलकं तेल. मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा. शाम्पू मगभर पाण्यात कालवून फक्त स्काल्पला, म्हणजे डोक्याच्या कातडीला लावायचा, तोही बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. कंडिशनर फक्त केसांच्या टोकांना. ओले केस बांधायचे नाहीत. एवढंच. चौघींनी माना डोलावल्या होत्या. पूनमची मान पदरात होती, दिसली नाही.

आता मी वाकून वास घेतला. खोबरेल. एरंडेल. मेथी. कांदा. फोडणी द्यायची तेवढी बाकी होती.

"काकू, तेल किती वेळा लावता?"

"तुमी सांगितलं तसंच बराबर. आठवड्यातून एकदा. दर शुक्रवारी."

"अन् कांदा?"

मोठी सून पुढं झाली. "तो मी लावते, ताई. बुधवारी. एकदाच."

मी आजींकडे पाहिलं.

"माझा मंगळवार," आजी म्हणाल्या. "एरंडेल. रातभर मुरवते. काहून?"

कॉलेजवाली लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "संडे मी करते. मेथी-दह्याचा पॅक. मला सुट्टी असते."

म्हणजे चौघींनी माझं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं. प्रत्येकीनं आठवड्यातून एकदाच. सोमवार महादेवाचा, गुरुवार उपासाचा आणि शनिवारी त्यांच्यात तेलाला हात लावत नाहीत, म्हणून पोरीच्या डोक्याला तीन दिवस रजा मिळाली. हे तिन्ही वार पाळले नसते, तर पूनम सरळ टोपी घालून आली असती.

मी समजावून सांगितलं. स्काल्प ही कातडीच आहे. चारदा काही ना काही मुरवलं, चारदा ते काढायला घासलं, वर कांद्याची आग. कातडी चिडणारच. आता लाली जाईपर्यंत तेल बंद, साधा शाम्पू, एकच वार. तरी लाली गेली नाही तर कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं.

"मंग शुक्रवार ठेवू," काकू म्हणाल्या.

"शुक्रवार काहून? मंगळवार सवाष्णीचा असतो," आजी.

"बुधवारी मला शेतावर जायचं नसतं," मोठी सून.

झालं. माझ्या पार्लरमध्ये वारांवरून जी लढाई पेटली, ती ऐकायला खालचा किराणावाला दुकान उघडं टाकून जिन्यात येऊन बसला. मी भिंतीला टेकले. अर्ध्या भुवईच्या मॅडमनी मला पाणी दिलं.

त्या गलक्यात पूनम हळूच म्हणाली, "ताई, माझं मी धुतलं तर चालंल का?"

चारही माना तिच्याकडे वळल्या.

"तुला जमंल?" काकूंनी खरोखर काळजीनं विचारलं.

"लग्नाआधी मीच धूत होते की."

वार ठरला की कळवतो, असं म्हणून सगळ्या जीपमध्ये बसल्या. जीप वळेपर्यंत मंगळवार की शुक्रवार हे ऐकू येत होतं.

तेव्हापासून मी क्लायंटला आठवड्यातून किती वेळा हे आधी सांगत नाही. आधी विचारते, घरात बायका किती.

पंचमी झाल्यावर पूनम माहेराहून परतताना वर आली. नवरा खाली गाडीवर. लाली गेली होती, भांगाच्या कडेला बारीक नवे केस उभे होते.

"माय काही बोलली का गं?"

"न्हाई. येणी घालून दिली."

"मग वार कोणाचा ठरला शेवटी?"

"कोणाचाच न्हाई. अजून भांडून राहिल्या."

"अन् तुला हात लावत नाहीत? ऐकल्या कशा चौघी?"

"ऐकल्या कुठं," पूनम म्हणाली. "न्हाणीला आतून कडी हाय."