नखाकाकांचा कम्प्युटर

नखाकाकांच्या उजव्या अंगठ्याचं नख इतर नखांपेक्षा थोडं लांब असे आणि ते कधी रिकामं बसत नसे. डहाणूत चिकू घेताना साल नखाने जरा खरवडून पाहतात. खाली हिरवं दिसलं तर फळ कच्चं, परत ठेवायचं. ही पद्धत इथे सगळ्यांचीच. काकांनी ती चिकूपुरती ठेवली नाही, एवढंच. ते नवी नोट खरवडत, दाराचा रंग खरवडत. एका पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेलं सन्मानचिन्ह त्यांनी स्टेजच्या पायऱ्या उतरतानाच खरवडलं आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "प्लास्टिक." काकू सांगत, "लग्नात माझ्या गळ्यात घालायच्या आधी यांनी मंगळसूत्र खरवडून पाहिलं. स्वतःच विकत आणलेलं!"

सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली होती, बरीचशी डहाणू रोड आणि घोलवडच्या दरम्यान. खांबावर चढून दिवा पुसायचा, खाली येऊन तारा तपासायच्या, पेटीला सील लावायचं. त्या नोकरीने त्यांना एक वाक्य दिलं होतं आणि ते लग्न जमवण्यापासून निवडणुकीपर्यंत कुठेही चाले : "दिवा कोणीही लावतो. तार बघा."

आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. मी तळासरीला एका कचेरीत कम्प्युटरवर दाखले काढून देतो, म्हणून सोसायटीच्या लेखी मी कम्प्युटरतज्ज्ञ. एका रविवारी सकाळी काका आले आणि खुर्चीच्या हातावरून नख फिरवत म्हणाले, "गेम खेळायचा कम्प्युटर घ्यायचाय. स्वस्तातला. पण फसायचं नाही."

"नातवाला?"

"मला. आगगाडी चालवायचा गेम असतो ना, त्यासाठी."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग हळूहळू कळलं ते असं. इतकी वर्षं त्यांनी जे दिवे राखले, ते इंजिनातून कसे दिसतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. इंजिनात चढायला परवानगी लागे, आणि नियम मोडून चढणाऱ्यांतले ते नव्हते. "ड्रायव्हर म्हणायचे, दिसतो हो, लांबून दिसतो. ते म्हणणारच. मी कुठे पाहिलंय?" शिवाय काचबिंदूने डावा डोळा गेलेला होता आणि उजवा कडेकडेने मिटत चालला होता. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती. काकांनी दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं, मग तिसऱ्यांना. तिघांचं एकमत झालं, तेव्हा त्यांना तिघांचाच संशय आला. पण कम्प्युटर लवकर घ्यायला हवा, हे मान्य केलं.

लवकर म्हणजे सात महिने. त्यांनी दोनशे पानी वही केली. एका बाजूला प्रोसेसर, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, मध्ये 'शंका' असा रकाना. तो रकाना सगळ्यात आधी भरला. मोबाइल नाकाला टेकवून ते परीक्षणं पाहत. "हा पोरगा इतका का हसतोय? याला कार्ड फुकट मिळालंय." दुसरा एकजण हसत नव्हता, तर म्हणाले, "याला मिळालं नाही म्हणून चिडलाय." मी घाई करायला सांगितली, तर मलाच विचारलं, "तुला दुकानातून काही मिळतंय का?"

अखेर आम्ही तळासरीला हायवेलगतच्या एका दुकानात गेलो. दुकान म्हणजे दिवाळी होती. काचेच्या खोक्यांत निळे-जांभळे पंखे फिरत होते. मालक नटुभाईंनी त्यातलं सर्वांत झगमगीत खोकं पुढे केलं.

"काका, हे बघा. आठ जीबीचं कार्ड. तुमच्या बजेटमध्ये कोण देणार नाय!"

"प्रोसेसर कुठल्या साली निघालेला?"

"अरे काका, गेमिंगमध्ये कार्डच बघायचं असते ने!"

"कार्ड म्हणजे रंगारी," काका म्हणाले. "प्रोसेसर म्हणजे स्टेशन मास्तर. मास्तरच पेंगत असेल, तर गाडीच येत नाही. रंगारी काय रंगवणार?" मग त्यांनी वही उघडून दाखवली. आगगाडीच्या गेममध्ये चित्रापेक्षा हिशेबाचं ओझं जास्त. तेव्हा प्रोसेसर अलीकडचा, सहा कोअरचा हवा, आणि उरलेल्या पैशात बसेल ते साधं कार्ड. नटुभाई माझ्याकडे पाहून पुटपुटले, "साहेब, हे रिटायर कशातून झाले? इन्कम टॅक्स?"

प्रोसेसरवर तडजोड झाली. मग नटुभाईंनी आतून एक मोठं कार्ड आणलं. एका कॉलेजच्या पोराने महिनाभर वापरून परत केलं, एकदम नवंच समजा, म्हणाले. काकांनी ते उजव्या डोळ्याजवळ नेलं आणि वास घेतला. बराच वेळ घेतला.

"हे महिनाभर वापरलेलं नाही. हे दिवसरात्र चालून भाजलंय. आणि हे स्क्रू बघ, खाचा झिजल्यात. दोनदा तरी उघडलंय." नटुभाईंनी कार्ड आत नेलं. ते नेताना काही बोलले नाहीत, हाच पुरावा काकांनी वहीत लिहिला.

शेवटी सीलबंद डब्यातलं नवं, लहान कार्ड निघालं. त्याच्या मागच्या एका स्क्रूवर कंपनीचा इवलासा स्टिकर होता. काकांनी कार्ड उलटं केलं आणि मी "अहो काका" म्हणेपर्यंत अंगठ्याचं नख त्यावर फिरलं. स्टिकरचा भुगा झाला.

"काका! अरे, शू कर्यू तमे!" नटुभाई ओरडले. "वॉरंटी गेली ने आता!"

काकांच्या चेहऱ्यावर सात महिन्यांत पहिल्यांदा समाधान दिसलं. "गेली ना? म्हणजे खरी होती." आणि पाकीट काढून ते म्हणाले, "बांधून द्या."

परतताना चारोटीला चहा घेतला. ते खोकं मांडीवर धरून बसले होते. "रस्त्यात बदललं तर?" म्हणाले.

कम्प्युटर चालला. आजही चालतो. कुणा हौशी माणसाने आपल्याकडचा डहाणू ते उंबरगाव हा मार्ग त्या गेमसाठी बनवला होता, तो मी उतरवून दिला. काका पडद्याला चिकटून बसले. गाडी निघाली. घोलवडच्या अलीकडे लांबवर एक हिरवा ठिपका आला. "दिसतो रे," काका म्हणाले. एवढंच. मग त्यांनी ब्रेक लावला.

"काका, हिरवा आहे."

"हिरवा आहे, पण लावला कोणी?"

पुढे प्रत्येक हिरव्या दिव्याला त्यांची गाडी थांबे. मागे किती गाड्या खोळंबत असतील याची त्यांना फिकीर नव्हती. एक खांब उजवीकडे दाखवलाय, तो डावीकडे होता, अशी तक्रार त्यांनी त्या हौशी माणसाला लिहायला लावली. त्याने आभार मानून खांब हलवला. त्या आभारांत काही काळंबेरं असेल का, यावर आमचा एक रविवार गेला.

सात महिने फुकट गेले, असं मी एकदा रागाने बोललो होतो. डोळा वहीसाठी थांबणार नव्हता, आणि थांबला नाहीच. चारेक महिन्यांत काकांना ठिपका दिसेनासा झाला. तरी ते रविवारी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसत. आता गाडी मी चालवी आणि ते आवाज ऐकत. "पूल आला. आता सिग्नल येईल," हे मात्र माझ्या आधी त्यांना कळे.

मुलगी त्यांना नाशिकला घेऊन जाणार होती. त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. घोलवडच्या अलीकडे मी सवयीने वेग कमी केला.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"हिरवा, काका."

मी ब्रेकवर बोट ठेवून थांबलो. त्यांचं नख टेबलाच्या कडेवरून एकदा फिरलं आणि स्थिर झालं.

"तू बघितलास ना?" ते म्हणाले. "मग जाऊ दे."

मी वेग वाढवला नाही. पडद्याजवळ वाकून तो दिवा पुन्हा एकदा नीट पाहिला, आणि मगच गाडी सोडली.