आत्याबाईंचं सोवळं

"हे सोवळं नाही, आजार आहे. ओसीडी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी हादरलेच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या सोवळ्याचं कौतुक पार वेरूळच्या पाहुण्यांत व्हायचं. धुऊन धुऊन हाताला भेगा पडल्या, रक्त यायला लागलं, म्हणून कातडीच्या डॉक्टरला दाखवलं, तर त्यांनी मनाच्या डॉक्टरकडं धाडलं.

ओसीडी म्हणजे नको तो विचार मनात घुसतो, अन् तो जावा म्हणून माणूस तेच काम पुन्हा पुन्हा करतो. आत्याबाईंना वाटायचं, आपला हात न धुता तसाच लेकराला लागला तर ते दगावंल. हे त्या तिथं पहिल्यांदा बोलल्या. माझी लेक राणी आजीच्या मांडीवर कधी बसलीच नव्हती, अन् मी समजत होते, यांना नातूच पाहिजे असंल.

"आणि तुम्ही सगळे या आजाराला हातभार लावताय," डॉक्टरबाई पुढं म्हणाल्या. खरंच की. आमच्या मुकुंदवाडीत नळ आला की आम्ही ड्रम भरून ठेवायचो, त्या मागतील तितक्यांदा हातावर पाणी ओतायचो. त्याला सेवा म्हणायचो.

उपचाराचं नाव एक्स्पोजर थेरपी. ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं, अन् नंतर हात धुवायचे नाहीत. घरच्यांनी पाणी द्यायचं नाही. माझ्या नवऱ्याचा चेहराच उतरला. "आईला नाय म्हणायचं? आमच्यात चालत नाय, मॅडम."

बाईंनी वाद घातला नाही. आत्याबाईंकडं वळल्या. "घरात तुमचा शब्द चालतो ना? मग हुकूम तुम्हीच सोडा. मी मागितलं तरी हात धुवायला पाणी द्यायचं नाही, म्हणून."

आत्याबाईंनी भेगाळलेले हात पदरात घेतले. मग मला म्हणाल्या, "देऊ नको गं."

घरी शिव्या मीच खाल्ल्या. त्या रडून पाणी मागायच्या, मी म्हणायचे, "तुमचाच हुकूम हाय." जोडीला गोळ्या होत्या. काही दिवस बरे जायचे, काही जसेच्या तसे.

तुमच्या घरात असं कुणी असलं तर कौतुक करत बसू नका, लवकर दाखवा. आमची लई वर्षं त्यात गेली.

परवा राणी शाळेतून धुळीनं माखून आली, अन् सवयीनं दारातच थांबली. आत्याबाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं. त्यांची नजर सारखी पाण्याच्या ड्रमकडं जात होती. मलाच बघवंना.

"पाणी देऊ का?" मी विचारलं.

"माझा हुकूम मोडती व्हय गं?" आत्याबाई म्हणाल्या.